डॉसन सिटी : गोठलेल्या जमिनीवर वसलेलं गाव

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, अलास्काच्या सीमेला लागून युकॉन नावाचा प्रदेश आहे. तिथे युकॉन नदीला क्लोंडाइक ही लहान नदी येऊन मिळते. त्या संगमाजवळ, युकॉनच्या उजव्या काठावर डॉसन सिटी हे गाव आहे. 2021 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती 1,577. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कुणी शहर म्हणणार नाही. पण 1898 च्या उन्हाळ्यात याच चिखलाळ सपाटीवर आणि आजूबाजूच्या ओढ्यांकाठी तीस हजारांच्या आसपास माणसं जमली होती, आणि नावातली ‘सिटी’ त्या दिवसांपासून चिकटलेली आहे.

डॉसनची गोष्ट सांगताना बहुतेक जण सोन्यापासून सुरुवात करतात : सोनं सापडलं, जगभरातून लोक धावले, काही श्रीमंत झाले, बाकीचे रिकाम्या हाताने परतले. ही गोष्ट खरी आहे, पण मला ती नेहमी अपुरी वाटते. सोनं नेमकं इथेच एवढं का साठलं? गावातली जुनी घरं वाकडी का? बहुतेक रस्त्यांवर अजून डांबर का नाही? शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटांची रिळं इथल्या मातीत कशी टिकली? या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, ते म्हणजे पायाखालच्या गोठलेल्या जमिनीत. म्हणून आधी जमीन समजून घेऊ, मग माणसं.

घरं वाकडी का होतात?

डॉसनच्या थर्ड अव्हेन्यूवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची काही लाकडी घरं उभी आहेत. उभी म्हणण्यापेक्षा एकमेकांच्या अंगावर रेललेली आहेत. भिंती तिरक्या, छपरं एका बाजूला कललेली, दाराच्या चौकटी पिळवटलेल्या. पर्यटक तिथे थांबून फोटो काढतात.

याचं कारण पर्माफ्रॉस्ट. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जी जमीन शून्य अंशाखाली राहते तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. वरचा थोडा थर उन्हाळ्यात वितळतो आणि थंडीत पुन्हा गोठतो, त्याखालची जमीन मात्र हजारो वर्षं गोठलेलीच असते. नदीकाठच्या बारीक गाळात नुसती माती गोठलेली नसते, तिच्यात बर्फाचे थर आणि पाचरी असतात. काही ठिकाणी मातीपेक्षा बर्फच जास्त भरतो.

अशा जमिनीवर घर बांधून आत शेगडी पेटवली की उष्णता हळूहळू खाली झिरपते. बर्फ वितळतो, पाणी निघून जातं आणि त्याची जागा रिकामी होते. मग माती बसते. सगळीकडे सारखी बसली तर घर सरळ खाली गेलं असतं, पण एका कोपऱ्याखाली बर्फ जास्त, दुसऱ्याखाली कमी. त्यामुळे घर पिळवटत जातं.

आता तिथे घर बांधताना आधी खडीचा जाड थर घालतात आणि त्यावर लाकडी ओंडक्यांची आडवी-उभी रचना करून घर जमिनीपासून उचलून धरतात. खालून थंड हवा खेळती राहिली की घराची ऊब जमिनीपर्यंत पोहोचत नाही. तरीही काही वर्षांनी एखादा कोपरा खचतोच, मग जॅक लावून तो उचलायचा आणि खाली पाचर ठोकायची. काळं डांबर उन्हात तापतं आणि खालची जमीन बसली की फुटतं. म्हणून गावातल्या बहुतेक रस्त्यांवर खडी-माती आणि कडेला चालायला लाकडी फळ्या. परक्याला हा जुन्या काळाचा देखावा वाटतो, पण तो तसा ठेवण्यामागे जमिनीची गरजही आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. डॉसनच्या परिसरात पर्माफ्रॉस्ट सलग नाही. ऊन खाणाऱ्या दक्षिणेकडच्या उतारांवर तो नसतो, सावलीच्या उतारांवर आणि दरीच्या तळाशी असतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी त्याचं तापमान शून्याच्या जेमतेम खाली असतं, त्यामुळे तो बिघडायला फार मोठं कारण लागत नाही. नुसतं झाडोरा आणि शेवाळाचं पांघरूण काढलं तरी पुरतं.

हिमनद्या इथवर आल्याच नाहीत

गेल्या हिमयुगात जवळजवळ सगळा कॅनडा बर्फाच्या प्रचंड थराखाली होता. हे थर काही ठिकाणी तीन किलोमीटरपर्यंत जाड होते. डॉसनच्या आजूबाजूचा प्रदेश मात्र उघडा राहिला. थंडी कमी होती म्हणून नव्हे, तर हिम पडायला हवेत ओलावाच नव्हता. पॅसिफिककडून येणारे ओले वारे किनाऱ्यालगतच्या उंच पर्वतांवर सगळं ओझं टाकून देत आणि पलीकडे कोरडेच पोहोचत. म्हणजे हा पर्जन्यछायेचा प्रदेश होता.

तेव्हा समुद्राचं पाणी बर्फात अडकल्यामुळे पातळी खूप खाली गेली होती आणि सायबेरिया अलास्काला जमिनीने जोडलेला होता. या विस्तीर्ण पट्ट्याला बेरिंजिया म्हणतात. तिथे गवताळ माळ होते, त्यांवर केसाळ मॅमथ, घोडे, गवे चरत आणि सिंह त्यांची शिकार करत. वाऱ्याने उडून येणारी बारीक धूळ दऱ्यांत साचली, मेलेली जनावरं तिच्याखाली गाडली गेली आणि सगळं गोठलं. सोन्याच्या खाणींत काम करणारे या काळ्या, वास मारणाऱ्या गोठलेल्या गाळाला ‘मक’ म्हणतात. सोनं त्याच्या खाली असतं, त्यामुळे आधी मक काढून टाकावा लागतो आणि तो काढताना हाडं सापडतात.

21 जून 2022 रोजी डॉसनच्या दक्षिणेला युरेका क्रीक या ओढ्यावर खाणीतला एक कामगार मक उकरत होता. त्यातून मॅमथचं एक पिल्लू निघालं. हाडं तर होतीच, पण कातडी, केस, सोंड, पायाची नखं सगळं शाबूत होतं. हे मादी पिल्लू तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेलं होतं. ज्यांच्या भूमीत ते सापडलं त्या त्रोन्देक ह्वेचिन समाजाच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्याभोवती जमून प्रार्थना केली आणि आपल्या हान भाषेत त्याचं नाव ठेवलं, नुन चो गा. उत्तर अमेरिकेत एवढं अखंड मॅमथ आधी कधी मिळालं नव्हतं. त्याआधी डॉसनच्या दक्षिणेलाच थिसल क्रीकवर सापडलेल्या घोड्याच्या हाडातून शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये सुमारे सात लाख वर्षांपूर्वीचा जनुकसंच वाचला होता. तेव्हा तो जगातला सर्वांत जुना होता. याच मातीने एवढा काळ ते हाड थंड ठेवलं म्हणून हे जमलं.

सोनं साठलं कसं?

क्लोंडाइकच्या डोंगरांत जुन्या रूपांतरित खडकांमध्ये गारगोटीच्या शिरा आहेत आणि त्या शिरांमध्ये सोन्याचे कण. नुसत्या शिरा पाहिल्या तर फार श्रीमंत नाहीत. पण लाखो वर्षं ऊन, पाणी, थंडी त्या डोंगरांना झिजवत राहिली. खडकाचा भुगा झाला आणि ओढ्यांतून वाहू लागला. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड आणि साधा खडक जेमतेम अडीच-पावणेतीन पट. सुपात धान्य पाखडताना फोलपट उडून जातं आणि दाणा मागे राहतो, तसं वाहत्या पाण्याने हलकी माती पुढे नेली आणि सोनं गोट्यांच्या फटींतून घरंगळत तळखडकावर जाऊन बसलं. असं सलग लाखो वर्षं चाललं.

आता हिमनद्यांचा मुद्दा पुन्हा घ्या. हिमनदी दरीतून सरकते तेव्हा तळ खरवडून काढते आणि तिथला गाळ दूरवर विखरून टाकते. इतर अनेक ठिकाणी असं साठलेलं सोनं याच रीतीने विखुरलं. क्लोंडाइकमध्ये ती आलीच नाही, त्यामुळे नद्यांनी जमवलेला साठा जागच्या जागी राहिला. आजवर या भागातून पाचशे टनांहून अधिक सोनं निघालं आहे.

यात आणखी एक वळण आहे आणि ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. फार पूर्वी युकॉन नदी दक्षिणेकडे वाहत पॅसिफिकला मिळत होती. पंचवीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी पहिल्या मोठ्या हिमचादरीने तिची वाट अडवली. पाणी तुंबलं आणि शेवटी वायव्येकडे फुटून अलास्कातून बेरिंग समुद्राकडे जाऊ लागलं. मुख्य नदीचा तळ खाली गेला, त्यामुळे तिला मिळणाऱ्या ओढ्यांनीही स्वतःचे तळ खोल कापले. त्यांचे जुने तळ आणि त्यांतले पांढरट गोटे डोंगराच्या अंगावर उंच तसेच राहिले. भूशास्त्रज्ञ त्यांना ‘व्हाइट चॅनल’ म्हणतात.

1897 मध्ये नव्याने आलेल्या काही लोकांनी डोंगरावर चढून खणायला सुरुवात केली तेव्हा जुने जाणते हसले. सोनं ओढ्यात असतं, डोंगरावर कुठलं? पण ते खणत होते तो डोंगर खरं तर नदीचा जुना तळच होता. नवख्याला तिकडे चीचाको म्हणत. त्यांनी खणलेल्या एका टेकडीचं नाव आजही चीचाको हिल आहे.

संगमावरचं आधीचं गाव

डॉसन वसण्याच्या कितीतरी आधीपासून इथे माणसं राहत होती. क्लोंडाइकच्या मुखाशी, आजच्या डॉसनसमोर त्रोचेक ही वस्ती होती. तिथे हान भाषा बोलणारे लोक उन्हाळ्यात सामन मासे पकडायला जमत. ते नदीच्या तळात लाकडी मेखा ठोकून माशांना अडवणारे बांध घालत, मासे सुकवत, आणि थंडीत हरणांच्या मागे डोंगरांत जात. आज त्यांचे वंशज त्रोन्देक ह्वेचिन म्हणून ओळखले जातात. बाहेरच्यांना त्रोन्देक म्हणता येईना, त्याचंच क्लोंडाइक झालं.

1896 च्या उन्हाळ्यात जॉर्ज कार्मॅक हा गोरा माणूस टॅगिश या आदिवासी समाजातल्या आपल्या सासरच्या मंडळींबरोबर या संगमावर मासेमारी करत होता. त्याची बायको शाव त्ला, जिला केट म्हणत, तिचा भाऊ कीश, ज्याला सगळे स्कूकम जिम म्हणत, आणि त्यांचा भाचा का गूख, म्हणजे डॉसन चार्ली. रॉबर्ट हेंडरसन नावाच्या कॅनेडियन शोधकाने कार्मॅकला जवळच्या ओढ्यांत सोनं असल्याचं सांगितलं, पण त्याच दमात जिम आणि चार्ली यांना तिथे जमीन मिळू नये असंही सुनावलं. त्या अपमानाची किंमत त्याने आयुष्यभर मोजली. ऑगस्टच्या मध्याला हे तिघे पुरुष रॅबिट क्रीकवर गेले, त्यांना तळखडकाच्या फटींत सोनं दिसलं, आणि 17 ऑगस्ट 1896 रोजी त्यांनी खुंट्या ठोकून आपले क्लेम, म्हणजे सोनं काढण्याच्या हक्काचे जमिनीचे तुकडे, आखले. ओढ्याचं नाव बदलून बोनान्झा झालं. हेंडरसन डोंगरापलीकडेच होता, पण त्याला कुणी कळवलं नाही.

सोनं पहिल्यांदा कुणाला दिसलं याबद्दल कुटुंबाच्या आठवणी जिमकडे बोट दाखवतात. शोधाचा मुख्य क्लेम मात्र कार्मॅकच्या नावावर चढला. पुढे कार्मॅकने केटला सोडलं आणि तिला त्या संपत्तीतला वाटा मिळाला नाही. जिमने मात्र आपल्या पैशातून युकॉनच्या आदिवासी लोकांसाठी निधी मागे ठेवला. माझ्या मते या गोष्टीतलं खरं मोठं माणूस तोच.

बातमी फुटताच जोसेफ लडू या व्यापाऱ्याने सोनं शोधण्याऐवजी संगमाजवळची दलदलीची सपाटी स्वतःच्या नावावर केली आणि तिथे लाकूड कापायची गिरणी आणली. लोकांना घरांना जागा लागणार आणि खाणींना फळ्या लागणार हे त्याने बरोबर ओळखलं होतं. जॉर्ज मर्सर डॉसन या भूशास्त्रज्ञाने काही वर्षांपूर्वी युकॉनची पाहणी केली होती, त्याच्या नावावरून गावाचं नाव पडलं.

त्रोचेकवर गर्दीचा लोंढा कोसळला. झाडं तोडली गेली, मासेमारीची जागा गेली, दारू आणि रोग आले. समाजाचे प्रमुख होते चीफ आयझॅक. त्यांनी 1897 मध्ये आपल्या लोकांना युकॉनच्या प्रवाहाबरोबर पाचेक किलोमीटर खाली मूसहाइड या जागी नेलं. पुढे आपली गाणी आणि नृत्यं या धामधुमीत हरवतील हे ओळखून त्यांनी ती अलास्कातल्या नातेवाईक समाजाकडे सांभाळायला सोपवली. त्या काळात एवढा लांबचा विचार करणारं दुसरं कुणी डॉसनच्या इतिहासात मला दिसत नाही.

लोंढा

1897 च्या जुलैमध्ये सोनं घेऊन दोन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलला पोहोचली. मंदीने गांजलेल्या अमेरिकेत ही बातमी वणव्यासारखी पसरली. सुमारे एक लाख माणसं निघाली आणि त्यांतली तीस-चाळीस हजारच पोहोचली असं मानतात.

सर्वांत गाजलेली वाट होती चिलकूट खिंडीची. अलास्कातल्या डाया बंदरापासून बेनेट सरोवरापर्यंत ती 53 किलोमीटरची होती. आदल्या वर्षी डॉसनमध्ये उपासमारीची वेळ आली होती, म्हणून कॅनडाच्या नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलिसांनी खिंडीत चौकी बसवून नियम केला की वर्षभराचा शिधा असल्याशिवाय कुणालाही आत सोडणार नाही. शिधा, तंबू, अवजारं मिळून माणशी सुमारे एक टन सामान होई. पाठीवर तीसेक किलो घेऊन तीच बर्फाची चढण चढायची, सामान वर टाकायचं, घसरत खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. एक टन न्यायला तीस-पस्तीस फेऱ्या लागत. नियम कठोर वाटतो, पण त्याने हजारो लोकांना उपासमारीपासून वाचवलं असं मला वाटतं.

खिंडीपलीकडे बेनेट सरोवराकाठी लोकांनी हिवाळाभर झाडं कापून नावा बांधल्या. 1898 च्या मे महिन्याच्या शेवटी बर्फ फुटला आणि सुमारे सात हजार नावा एकदम डॉसनकडे निघाल्या. तिथे पोहोचल्यावर त्यांना कळलं की बोनान्झा आणि त्याला मिळणारा, त्याहून श्रीमंत एल्डोराडो हे दोन्ही ओढे दोन वर्षांपूर्वीच वाटले गेले आहेत. युकॉनमध्ये आधीपासून असलेल्या खाणवाल्यांनी बाहेर बातमी पोहोचण्याआधीच ते आखून घेतले होते. लोंढ्यातले बहुतेक जण दुसऱ्याच्या क्लेमवर मजुरी करू लागले किंवा सामान विकून परत फिरले.

मजुरी म्हणजे काय होतं ते जरा जवळून पाहू. सोनं गोठलेल्या जमिनीखाली, कित्येक मीटर खोल, तळखडकावर. कुदळ मारली तरी आत शिरत नसे. म्हणून संध्याकाळी खड्ड्यात लाकडं रचून जाळ करायचा. सकाळपर्यंत वीतभर-हातभर माती सैल होई, ती खरवडून बादलीत भरायची आणि हाताने फिरवायच्या रहाटाने वर ओढायची. संध्याकाळी पुन्हा जाळ. हे काम थंडीतच चाले, कारण उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी भरे. गोठलेल्या भिंती खडकासारख्या घट्ट, त्यामुळे आधाराला लाकूड लागत नसे. बाजूला मातीचा ढीग वाढत जाई आणि त्यात किती सोनं आहे हे वसंतापर्यंत कळत नसे. बर्फ वितळून ओढे वाहू लागले की तो ढीग आडव्या पट्ट्या ठोकलेल्या लाकडी पन्हळीतून धुवायचा. पट्ट्यांच्या मागे जे साचेल ती हिवाळाभराची कमाई. या जाळांसाठी आजूबाजूचे डोंगर पार बोडके झाले.

जून 1898 मध्ये युकॉन हा स्वतंत्र प्रदेश झाला आणि डॉसन त्याची राजधानी. एप्रिल 1899 च्या आगीत शंभराहून अधिक इमारती जळाल्या. त्याच उन्हाळ्यात अलास्काच्या किनाऱ्यावर नोम इथे सोनं सापडल्याची बातमी आली आणि हजारो लोक बोटी भरून निघून गेले. 1901 च्या जनगणनेत डॉसनमध्ये सुमारे 9 हजार लोक उरले होते, दहा वर्षांनी सुमारे 3 हजार.

ड्रेज, गोटे आणि रिळं

माणसं गेली, सोनं संपलं नव्हतं. ते आता यंत्रांनी काढायची वेळ आली. मोठ्या कंपन्यांनी शेकडो क्लेम एकत्र विकत घेतले आणि ड्रेज आणले. ड्रेज म्हणजे स्वतः खणलेल्या तळ्यात तरंगणारा कारखाना. पुढे बादल्यांची फिरती साखळी तळ उकरते, आत माती धुऊन सोनं वेगळं होतं आणि मागून धुतलेले गोटे बाहेर पडतात. तळंही त्याच्याबरोबर पुढे सरकत जातं. बोनान्झा क्रीकवर आजही उभा असलेला ड्रेज नंबर 4 लाकडी सांगाड्याचा आणि आठ मजली उंच आहे. तो 1912 मध्ये बांधला गेला, नंतर बोनान्झावर नव्याने जोडून 1941 ते 1959 चालवला.

पण ड्रेजच्या बादल्यांनाही गोठलेली जमीन उकरता येत नाही. आधी जमिनीत नळ्या ठोकून वाफ सोडत. मग लक्षात आलं की साधं थंड पाणीही चालतं. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी शून्याच्या बरंच वर असतं आणि जमिनीच्या मानाने ते गरमच. नळ्यांतून ते आठवडेच्या आठवडे सोडलं की जमीन सैल होते आणि लाकूड जाळावं लागत नाही. त्या काळातली ही अक्कलहुशारी मला फार आवडते.

तिचा परिणाम मात्र भयंकर आहे. क्लोंडाइकच्या दरीत आज किलोमीटरच्या किलोमीटर गोट्यांचे वळणावळणांचे ढीग पसरलेले आहेत. वरून पाहिलं तर एखादं प्रचंड जनावर सरपटत गेल्यासारखं वाटतं. ओढ्यांची नैसर्गिक पात्रं उलटीपालटी झाली आणि माशांची अंडी घालण्याची जागा गेली. राजधानी 1953 मध्ये व्हाइटहॉर्सला हलली. रस्ता आल्यावर वाफेच्या बोटीही बंद झाल्या. त्यांतली एसएस किनो नदीकाठी जपून ठेवली आहे.

मातीने जपलेली आणखी एक गोष्ट 1978 मध्ये वर आली. गावात नव्या इमारतीसाठी खणकाम चालू असताना चित्रपटांची रिळं निघू लागली. एकूण 533 रिळं, बहुतेक 1910 आणि 1920 च्या दशकांतली. त्या काळी चित्रपट एका गावाहून दुसऱ्या गावाला जात आणि डॉसन हे त्या साखळीचं शेवटचं टोक होतं. तिथे पोहोचेपर्यंत ते जुने झालेले असत आणि परत मागवण्याचा खर्च वितरकांना परवडत नसे. रिळं साठत गेली. ती नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी. 1929 मध्ये एका पोहण्याच्या तलावावर कायमचं हॉकीचं मैदान करायचं ठरलं, तेव्हा तलाव भरायला ही रिळंच वापरली. वर माती, त्यावर बर्फाचं मैदान. थंडीत गाडलेली ती रिळं पन्नास वर्षं टिकली. जगभरात त्या काळातले बहुतेक मूकपट कायमचे नष्ट झाले आहेत आणि यांतल्या अनेक चित्रपटांची दुसरी प्रत कुठेच उरलेली नव्हती. कॅनडाचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि अमेरिकेचं लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिळून ती वाचवली.

आज

त्रोन्देक ह्वेचिन समाजाने कॅनडा आणि युकॉन सरकारशी अनेक वर्षं वाटाघाटी करून 1998 मध्ये आपल्या भूमीबद्दलचा करार केला. त्यातून त्यांना स्वतःचं सरकार, जमीन आणि निर्णयांत हक्काचा वाटा मिळाला. अलास्कात सांभाळलेली गाणी परत आली आहेत आणि मूसहाइडला दर दोन वर्षांनी मोठा मेळावा भरतो. 2023 मध्ये युनेस्कोने त्रोन्देक-क्लोंडाइकला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तो दिला तो सोन्याच्या धामधुमीचं कौतुक म्हणून नाही. बाहेरून आलेल्या सत्तेखाली एका समाजाने कसे बदल सोसले आणि तग धरला, याची साक्ष देणाऱ्या जागा म्हणून दिला. त्रोचेक आणि मूसहाइड त्यात आहेत.

हवामान मात्र बदलतं आहे आणि इथे ते डोळ्यांना दिसतं. युकॉन नदीवर गावाजवळ पूल नाही. उन्हाळ्यात फुकट चालणारी फेरीबोट असते आणि हिवाळ्यात नदी गोठली की गाड्या बर्फावरून जातात. गेल्या काही हिवाळ्यांत गावासमोरचा प्रवाह पूर्ण गोठलाच नाही. सरकारने पाणी फवारून बर्फ जमवायचा प्रयत्नही करून पाहिला. पलीकडच्या काठावर राहणाऱ्यांना कामाला, शाळेला, दवाखान्यात कसं यायचं हा रोजचा प्रश्न झाला.

वसंतात नदीचा बर्फ कधी फुटेल यावर गावात 1896 पासून पैज लावतात. बर्फावर एक तिकाटणं उभं करतात आणि ते तारेने काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ हलला की तार ताणते आणि घड्याळ थांबतं, तोच अधिकृत क्षण. पैजेसाठी ठेवलेल्या या नोंदी आता हवामान शास्त्रज्ञांना उपयोगी पडतात, आणि त्यांत बर्फ पूर्वीपेक्षा लवकर फुटतो आहे हे स्पष्ट दिसतं. बर्फ फुटताना त्याचे तुकडे एकमेकांत अडकले तर नदी तुंबते. 1979 मध्ये तशाच पुरात गाव बुडालं, त्यानंतर नदीकाठी उंच बांध घातला. 2023 च्या मे महिन्यात क्लोंडाइक नदी तुंबली आणि गावाबाहेरच्या वस्त्यांतल्या लोकांना घरं सोडावी लागली. तिकडे बांध नाही.

सगळ्यात मोठी चिंता सामनची आहे. युकॉन नदीतले चिनूक सामन बेरिंग समुद्रातून अंडी घालायला येतात, आणि डॉसनपर्यंत यायला त्यांना दोन हजारांहून अधिक किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहावं लागतं. गेल्या काही वर्षांत त्यांची संख्या इतकी घसरली की त्रोन्देक ह्वेचिन लोकांनी स्वतःहून त्यांची मासेमारी थांबवली. एप्रिल 2024 मध्ये कॅनडा आणि अलास्का यांनी करार करून युकॉन नदीत चिनूक पकडणं सात वर्षांसाठी, म्हणजे माशाच्या एका पूर्ण जीवनचक्रासाठी बंद केलं. संगमावर ज्यांच्या मेखा हजारो वर्षं उभ्या राहत होत्या त्यांनाही तो लागू आहे. गोट्यांच्या ढिगांमधून ओढ्यांना पुन्हा पात्र मिळवून देण्याचं काम त्याच्या जोडीला झालं नाही, तर सात वर्षांनी परतणाऱ्या माशांना अंडी घालायला जागा कमीच पडेल.